अजिंक्य संघाच्या दोन वह्या

६ ऑक्टोबर १८८८ रोजी इंग्लंडमधील प्रेस्टन शहरात, डीपडेलच्या मैदानावर, प्रेस्टन नॉर्थ एंड ह्या व्यावसायिक फुटबॉल संघाने स्टोक संघाचा ७-० असा पराभव केला. त्यांतील चार गोल एकट्या जिमी रॉसचे होते. फुटबॉलमधील पहिल्या साखळी स्पर्धेचा, म्हणजे फुटबॉल लीगचा, तो पहिलाच हंगाम. ह्या हंगामात प्रेस्टनने २२ सामने खेळले आणि त्यांतला एकही गमावला नाही. 'अजिंक्य' हे बिरुद त्या संघाला तेव्हापासून चिकटले आहे, आणि ७-० हा आकडा त्या बिरुदाचा एक ठळक पुरावा म्हणून संदर्भग्रंथांत नोंदलेला आहे.

त्या नोंदीत एक गोष्ट येत नाही. स्टोकचे नऊच खेळाडू त्या दिवशी प्रेस्टनला पोहोचले होते. अकराचा आकडा पुरा करण्यासाठी दोन खेळाडू यजमानांच्याच राखीव संघातून उसने घेण्यात आले. सात गोल खरे आहेत, ते मोजलेही बरोबर आहेत. पण ते नेमके कोणाविरुद्ध झाले, ह्याचे उत्तर 'स्टोक' ह्या एका शब्दाने पुरेसे मिळत नाही.

खेळाच्या इतिहासात आकडा हा निर्विवाद पुरावा समजला जातो. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र कोणतेही विधान त्याच्या संदर्भातून सुटे करून वाचायची सवय नसते. विधान कोणी केले, कोणत्या संकेतानुसार केले आणि त्यातून काय वगळले, हे प्रश्न आपण कवितेला आणि बखरीला विचारतो. तेच प्रश्न एका गुणतक्त्याला विचारून पाहावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी प्रेस्टनचा १८८८-८९चा हंगाम आम्ही निवडला आहे, कारण ह्या संघाच्या दोन वह्या होत्या. एक गोलांची आणि दुसरी पैशांची. पहिली वही निष्कलंक राहिली. दुसरीचे काय झाले ते पुढे येईलच.

प्रथम गाव. प्रेस्टन हे लँकेशायरमधले कापडगिरण्यांचे शहर. तेथील गिरणी कामगारांचा १८५३-५४चा प्रदीर्घ लढा पाहण्यासाठी चार्ल्स डिकन्स १८५४च्या जानेवारीत तेथे गेला होता. त्याच वर्षी त्याची 'हार्ड टाइम्स' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातील कोकटाउन हे धुरकटलेले काल्पनिक नगर घडवताना प्रेस्टन त्याच्या डोळ्यांपुढे होते, असे अभ्यासक मानतात. मोजता येईल तेवढेच सत्य मानणाऱ्या ग्रॅडग्राइंडची ही कादंबरी साहित्याच्या विद्यार्थ्यांना नव्याने सांगायला नको. आकड्यांच्या हुकूमतीवर जी कादंबरी उठली, तिच्याशी नाते सांगणाऱ्या शहरातच पुढे तीस-पस्तीस वर्षांनी फुटबॉलचा पहिला निर्दोष गुणतक्ता तयार झाला, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

ह्या संघाचा कर्ता पुरुष विल्यम सूडेल. तो गुडेअर घराण्याच्या कापडगिरण्यांचा व्यवस्थापक होता आणि क्लबचा सर्वेसर्वाही. स्कॉटलंडमध्ये एकमेकांना पास देत चढाई करण्याची पद्धत विकसित झाली होती. तेथील निष्णात खेळाडू सूडेलने प्रेस्टनला आणले. फुटबॉल असोसिएशनच्या नियमांनुसार खेळाडूला खेळण्यासाठी पैसे देणे तेव्हा निषिद्ध होते. त्यामुळे ह्या मंडळींना गावात कामधंदा लावून द्यायचा आणि खेळाचा मोबदला आडमार्गाने द्यायचा, असा रिवाज पडला. १८८४च्या जानेवारीत लंडनच्या अप्टन पार्क क्लबने प्रेस्टनविरुद्ध तक्रार केली. सूडेलने खेळाडूंना पैसे देत असल्याचे उघडपणे मान्य केले आणि प्रेस्टनला त्या वर्षीच्या एफ. ए. कप स्पर्धेतून बाहेर जावे लागले. परंतु उत्तरेकडील क्लबांचा रेटा इतका वाढला की जुलै १८८५ मध्ये व्यावसायिक खेळाला मान्यता द्यावीच लागली.

पगार कायदेशीर झाले म्हणजे ते दर आठवड्याला देणे आले, आणि त्यासाठी तिकिटांचे उत्पन्नही नियमित हवे. तोवर सामने बहुतांशी मैत्रीपूर्ण असत आणि ऐनवेळी रद्दही होत. ह्यावर तोड म्हणून अ‍ॅस्टन व्हिलाच्या विल्यम मॅकग्रेगरने २ मार्च १८८८ रोजी काही प्रमुख क्लबांना पत्र लिहिले. प्रमुख क्लबांनी दरवर्षी एकमेकांशी, एकमेकांच्या मैदानांवर, ठरलेले सामने खेळावेत, असा त्याचा आशय होता. मॅकग्रेगर हा बर्मिंगहॅममधला कापडाचा दुकानदार. १७ एप्रिल १८८८ रोजी मँचेस्टरच्या रॉयल हॉटेलात फुटबॉल लीगची स्थापना झाली. बारा क्लब, सहा लँकेशायरचे आणि सहा मध्य इंग्लंडचे. दक्षिणेचा एकही नाही. लीगचा पहिला खजिनदार होता विल्यम सूडेल.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. गुणतक्ता ही केवळ क्रीडाप्रेमातून निघालेली कल्पना नाही. प्रत्येकाने प्रत्येकाशी समान वेळा खेळावे, म्हणजे दर शनिवारी तिकीटविक्री होईल, ही तिच्यामागची व्यवहारी निकड होती. समान सामने झाल्यावरच संघांची तुलना अर्थपूर्ण होते. फुटबॉलचे संख्याशास्त्र ज्या पायावर उभे राहिले, तो पाया जमाखर्चाच्या गरजेतून घातला गेला.

ह्या फरकाचा पडताळा प्रेस्टनच्याच इतिहासात मिळतो. लीग सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, १५ ऑक्टोबर १८८७ रोजी, एफ. ए. कपच्या पहिल्या फेरीत प्रेस्टनने हाइड संघाला २६-० असे हरवले. त्या स्पर्धेतील हा सर्वांत मोठ्या विजयाचा विक्रम आजही अबाधित आहे. पण बाद पद्धतीत कोणाची गाठ कोणाशी पडेल हे चिठ्ठीवर ठरते. पगारी, निवडक खेळाडूंचा संघ आणि एक लहानसा स्थानिक क्लब समोरासमोर आले, एवढेच तो आकडा सांगतो. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, २४ मार्च १८८८ रोजी, ह्याच प्रेस्टनला वेस्ट ब्रॉमिच अल्बियनने २-१ असे हरवले. सामन्याआधी चषकासोबत छायाचित्र काढून घेण्याची इच्छा प्रेस्टनच्या खेळाडूंनी दाखवली आणि 'आधी जिंका तर खरे' असे पंचांनी सुनावले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, निकाल खरा आहे. २६-० मध्ये जे वर्चस्व दिसते, त्यावरून २-१ चे भाकीत करता आले नसते.

आता १८८८-८९चा तक्ता पाहू. प्रेस्टनचे २२ सामने, १८ विजय, ४ बरोबरी, पराभव शून्य. केलेले गोल ७४, झालेले १५. गुण ४०. दुसऱ्या क्रमांकावरील अ‍ॅस्टन व्हिलाचे १२ विजय, ५ बरोबरी, ५ पराभव, गोल ६१ आणि ४३, गुण २९. पहिल्या दोघांत अकरा गुणांचे अंतर. प्रेस्टनने ४४ पैकी ४० गुण, म्हणजे जवळजवळ ९१ टक्के, मिळवले. प्रत्येक सामन्यामागे त्यांनी ३.३६ गोल केले आणि ०.६८ गोल स्वीकारले.

पण हे 'गुण' आले कोठून? हंगाम सुरू झाला तेव्हा गुण मोजण्याची पद्धतच ठरलेली नव्हती. केवळ विजय मोजावेत, बरोबरीला काही देऊ नये, असाही एक विचार पुढे आला होता. विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण हा संकेत नोव्हेंबर १८८८ मध्ये, हंगाम निम्म्यावर आला असताना, मुक्रर झाला. केवळ विजय मोजले असते तर प्रेस्टन १८ आणि व्हिला १२ असा तक्ता झाला असता. अव्वल स्थान बदलले नसते. मात्र वुल्व्हरहॅम्प्टनचेही विजय १२ च असल्याने दुसरे स्थान व्हिलाकडे एकट्याने राहिले नसते. ब्लॅकबर्न आणि बोल्टन ह्या दोघांचे विजय प्रत्येकी दहा. गुण मात्र २६ आणि २२. बरोबरीला किंमत देताच त्यांच्यात चार गुणांची दरी पडली.

'अजिंक्य' ह्या शब्दाच्या दृष्टीनेही ही गोष्ट महत्त्वाची आहे. ज्या वहीत बरोबरीला शून्य मिळते, त्या वहीत प्रेस्टनचे चार अनिर्णित सामने पराभवाच्याच मोलाचे ठरले असते. 'एकही सामना हरला नाही' आणि 'सर्व सामने जिंकले' ह्या दोन विधानांमधल्या जागेत ते चार सामने उभे आहेत. त्यांची भरपाई कशाने आणि किती करायची, हे मैदानावर ठरले नाही; ते बैठकीत ठरले.

आता पुन्हा त्या ७-० कडे वळू. दोन उसन्या खेळाडूंचा हा सामना हिशेबातून वगळला तर काय उरते? प्रेस्टनचे २१ सामन्यांत ३८ गुण आणि ६७-१५ असे गोल. व्हिलाच्या पुढे ते तरीही नऊ गुणांनी राहतात. ३ नोव्हेंबर रोजी नॉट्स काउंटीवर त्यांच्याच मैदानात मिळवलेला ७-० असा दुसरा मोठा विजयही बाजूला ठेवला, तरी उरलेल्या वीस सामन्यांत ६० गोल केलेले आणि १५ झालेले, हे प्रमाण हलत नाही. म्हणजे प्रेस्टनचे श्रेष्ठत्व त्या मोठ्या विजयांवर अवलंबून नव्हते. अव्वल स्थानासाठी तो सामना जवळजवळ निरर्थक होता.

तक्त्याच्या तळाशी मात्र चित्र वेगळे आहे. स्टोक आणि नॉट्स काउंटी ह्या दोघांचे गुण समान, प्रत्येकी बारा. अशा वेळी केलेल्या गोलांना झालेल्या गोलांनी भागून क्रम लावला जाई. स्टोकचे गोल २६ आणि ५१, म्हणजे ०.५१. नॉट्स काउंटीचे ४० आणि ७३, म्हणजे ०.५५ च्या किंचित खाली. म्हणून फुटबॉल लीगच्या पहिल्यावहिल्या तक्त्यात शेवटची ओळ स्टोकच्या नावावर लागली. डीपडेलवरच्या त्या सामन्यात स्टोक सातऐवजी तीन गोलांनी हरले असते, तर त्यांचे प्रमाण २६ भागिले ४७, म्हणजे ०.५५ च्या किंचित वर गेले असते आणि शेवटचे स्थान नॉट्स काउंटीला मिळाले असते. अकराही खेळाडू स्वतःचे असते तर स्टोकने चार गोल वाचवले असते काय, हे सांगता येणार नाही. नॉट्स काउंटीनेही सात गोलांचा मार खाल्लाच होता. परंतु ज्या सामन्याने विजेत्याला काहीच दिले नाही, तोच पराभूताचे स्थान ठरवायला पुरेसा होता, एवढे गणित निःसंदिग्ध आहे. मोठ्या विजयाचे विश्लेषण आपण नेहमी विजेत्याच्या अंगाने करतो. त्याचा परिणाम कोठे झाला हे पाहायचे तर पराभूताच्या ओळीकडे जावे लागते. पुढल्या हंगामातही स्टोक तळालाच राहिले आणि १८९० मध्ये त्यांना लीगमधली जागा गमवावी लागली.

'अजिंक्य' हे बिरुद इंग्लंडच्या सर्वोच्च साखळीत दुसऱ्यांदा लागायला एकशे पंधरा वर्षे जावी लागली. २००३-०४ च्या हंगामात आर्सेनलने ३८ सामन्यांत २६ विजय आणि १२ बरोबरी अशी कामगिरी केली. गोल ७३ आणि २६. दोन्ही संघांची तुलना करताना एक चमत्कारिक साम्य आढळते. प्रेस्टनने सामन्यामागे ०.६८ गोल स्वीकारले आणि आर्सेनलनेही ०.६८ च. पण ह्या दोन ०.६८ चा अर्थ एक नाही. १८८८-८९ मध्ये सामन्यामागे दोन्ही संघांचे मिळून सुमारे ४.४ गोल होत. २००३-०४ मध्ये सुमारे २.७. म्हणजे गोलांचा सुकाळ असताना प्रेस्टनने स्वीकारलेले गोल त्या काळच्या सरासरी संघाच्या एकतृतीयांशाहूनही कमी होते, तर आर्सेनलने स्वीकारलेले निम्म्याच्या आसपास. केलेल्या गोलांत याउलट होते. ३.३६ आणि १.९२ हे आकडे एकमेकांपासून फार दूर दिसतात. पण आपापल्या काळच्या सरासरीशी ताडून पाहिले तर दोन्ही संघ जवळपास दीडपट भरतात.

आर्सेनलच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. एखाद्या संघाची कोणताही सामना न हरण्याची शक्यता ९५ टक्के आहे आणि प्रत्येक सामना इतरांपासून स्वतंत्र आहे, असे घटकाभर धरू. असा संघ २२ सामने अपराजित राहण्याची शक्यता ३२ टक्के येते; ३८ सामन्यांसाठी ती १४ टक्क्यांवर उतरते. बळ तेच, पण हंगाम लांबला की 'अजिंक्य' हा शब्द अधिक महाग होतो. शब्द तोच राहिला तरी त्याचे मोल काळाप्रमाणे बदलते, हे भाषेच्या अभ्यासकाला ठाऊकच असते. आकड्याचेही तसेच आहे.

मग आकड्यांनी काय सांगितले नाही? प्रेस्टनचा खेळ कसा होता, हे त्यांनी सांगितले नाही. मैदानावरील पास मोजण्याची रीत फार पुढची. चार्ल्स रीप ह्या ब्रिटिश हवाईदलातील हिशेबनिसाने १८ मार्च १९५० रोजी स्विंडन टाउन आणि ब्रिस्टल रोव्हर्स ह्यांच्या सामन्यात स्वतःच्या खुणांच्या लिपीत प्रत्येक चालीची नोंद करायला आरंभ केला. १९६८ मध्ये बर्नार्ड बेंजामिन ह्या संख्याशास्त्रज्ञासह त्याने ह्या विषयावर शोधनिबंधही प्रसिद्ध केला. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासनंतर होतात, असे रीपला आढळले, आणि त्यावरून लांब किक मारून झटपट पुढे जावे, असा उपदेश निघाला. ह्यातली चूक पुढील अभ्यासकांनी दाखवून दिली. बहुतेक चालीच मुळात तीन पासांच्या आत संपतात. तेव्हा बहुतेक गोलही तेथेच दिसणार. नोंद चोख होती, वाचन चुकले होते.

प्रेस्टनपाशी अशी नोंद नाही. त्यांच्या पासांची, परस्परांतल्या मेळाची कीर्ती आपल्यापर्यंत आली ती वर्तमानपत्री वर्णनांतून, म्हणजे गद्यातून. राजवाड्यांपासून मराठी इतिहासलेखनाने बखरीपेक्षा अस्सल कागदाला अधिक मान दिला, आणि ते योग्यच झाले. पण अस्सल कागदही एखाद्या प्रश्नापुढे मुका असू शकतो. प्रेस्टनच्या बाबतीत निकालांचा तक्ता हा कागद आणि वार्ताहरांची वर्णने ही बखर. एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

आता दुसरी वही. प्रेस्टनने त्या वर्षी लीगबरोबर एफ. ए. कपही जिंकला. पाच सामन्यांत ११ गोल केले, एकही स्वीकारला नाही. ३० मार्च १८८९ रोजी अंतिम सामन्यात त्यांनी वुल्व्हरहॅम्प्टनला ३-० असे हरवले. त्या वैभवामागे गिरणीगावाचा पैसा होता. गिरण्यांचे कापड जगभर जाई, आणि लँकेशायरच्या कापडाचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक त्या काळी हिंदुस्थान होते. आयात कापडावरील जकात हिंदुस्थान सरकारने १८८२ मध्ये उठवली होती. डीपडेलवर तिकीट काढून येणाऱ्या कामगाराच्या मजुरीत आणि क्लबच्या खर्चात आपल्याकडच्या धोतर-लुगड्यांचा काही अंश होता, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

संघाने १८८९-९० मध्येही लीग जिंकली. पुढची तीन वर्षे तो दुसरा राहिला. त्यानंतर लीगचे अजिंक्यपद त्याच्याकडे कधीच आले नाही. १८९५ मध्ये विल्यम सूडेलला अटक झाली. गुडेअर गिरण्यांच्या ५,३२६ पौंडांची अफरातफर त्याने हिशेबाच्या वह्या फिरवून केल्याचे सिद्ध झाले आणि त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. ह्यातला बराच पैसा फुटबॉल संघावर खर्च झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. सुटकेनंतर तो दक्षिण आफ्रिकेत गेला, तेथे वृत्तपत्रात काम करू लागला आणि १९११ मध्ये वारला. अंतिम सामन्यात पहिला गोल करणारा, संघाचा हौशी कर्णधार फ्रेड ड्यूहर्स्ट १८९५ मध्येच, एकतिसाव्या वर्षी, निवर्तला होता.

म्हणून त्या ७४ गोलांतला एकही खोटा ठरतो काय? मुळीच नाही. गोलांची वही कोणी फिरवलेली नव्हती. तिच्यावर शंका घेणे हा त्या अकरा जणांवर अन्याय होईल. पण ती वही लिहिली जावी म्हणून जो खर्च झाला, त्याची वही खोटी निघाली. आणि दोन्ही वह्यांमागे माणूस एकच होता. पहिली वही कमालीची विश्वासार्ह आहे, म्हणूनच दुसरीची आठवण ठेवणे अधिक अवघड जाते. स्वच्छ आकडा वाचकाला थांबायला सांगत नाही.

आमच्या मते, संख्यात्मक विश्लेषणाने इतिहासाची चव जाते ही साहित्यिकांत ऐकू येणारी तक्रार निराधार आहे. स्टोकचे शेवटचे स्थान त्या एका सामन्याशी किती घट्ट बांधलेले होते, हे वर्णनांतून कळले नसते. त्यासाठी भागाकारच करावा लागला. तो भागाकार करावासा वाटला, कारण नऊच खेळाडू पोहोचल्याची हकिकत कोणीतरी शब्दांत नोंदवून ठेवली होती. प्रेस्टन १८८८-८९ मध्ये अजिंक्य होते, हे विधान आजही पूर्णपणे खरे आहे. ते शिकवताना त्याच्याशेजारी स्टोकचे ते दोन उसने खेळाडू आणि गुडेअर गिरण्यांच्या फिरवलेल्या वह्या ठेवाव्यात, एवढेच आमचे म्हणणे आहे.